इंग्रजाच्या घरात कोण कुठे निजायचं?

आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बैठक झाली. बिल्डरच्या माणसाने नव्या फ्लॅटचा नकाशा भिंतीला चिकटवला आणि कार्पेट एरियावरून सुरू झालेलं बोलणं पंधरा मिनिटांत संस्कृतीवर गेलं. वाद तिसऱ्या खोलीचा होता. हॉल ऐसपैस हवा की मुलांना स्वतंत्र खोल्या? तळमजल्यावरच्या काकांचं म्हणणं, स्वतंत्र खोल्या हे इंग्रजांचं खूळ. दार लावून बसायची सवय लागली की घर मोडलंच म्हणून समजा. दुसऱ्या मजल्यावरची आयटीतली मुलगी उसळून म्हणाली, काका, इंग्रजांना पाचशे वर्षांपूर्वी प्रायव्हसी कळली होती, आपल्याकडे अजून दार लोटलं तरी आई बाहेरून विचारते, काय चाललंय? टाळ्या दोघांनाही पडल्या. मला मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दोन्ही पक्षांनी उभा केलेला साक्षीदार एकच होता, इंग्रजाचं जुनं घर, आणि त्या घराचा उंबरठा दोघांपैकी कुणीही ओलांडलेला नव्हता.

हा वाद आमच्या पार्किंगपुरता असता तर सोडून दिला असता. पण एकत्र कुटुंब, वृद्धाश्रम, मुलांची स्वतंत्र खोली यांपैकी कोणताही विषय निघाला की मराठीत चर्चा याच दोन रुळांवरून धावते. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्रजी घर या दोघांपैकी कुणाच्याच बाजूने साक्ष देत नाही. तिथे कुटुंब लहान होतं, तरीही स्वतःची खोली जवळजवळ कुणालाच नव्हती. खोल्या वाढल्या त्या धुराड्यामुळे, विटांमुळे आणि शेतकऱ्याच्या हातात खुळखुळू लागलेल्या पैशामुळे. आणि एका खोलीतून न जाता दुसऱ्या खोलीत जाता यावं म्हणून जो पॅसेज निघाला, त्यामागे व्यक्तिस्वातंत्र्यापेक्षा नोकर डोळ्यांसमोर नकोत ही इच्छा जास्त होती. कुटुंबाचा आकार ही एक गोष्ट आणि घराचा नकाशा ही दुसरी. या दोन्हींना एकाच दाव्याला बांधलं की काकाही चुकतात आणि ती मुलगीही.

आधी घर तर पाहू. १५०० च्या आसपासचं, इंग्लंडच्या आग्नेय भागातल्या बऱ्यापैकी सुस्थितीतल्या शेतकऱ्याचं घर घ्या. फ्लॅटमध्ये आपण ज्याला सहज हॉल म्हणतो, त्या शब्दाचं हे माहेर. हॉल म्हणजे जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळी, वर माळा नसलेली एकच उंच जागा. जमीन चोपलेल्या मातीची, तिच्यावर मधोमध उघडा जाळ, आणि धुराने वाट फुटेल तिथून, छपराच्या फटींतून बाहेर जायचं. या घरांपैकी जी टिकली आहेत त्यांच्या वाशांवर त्या धुराची काजळी आजही सापडते, आणि तिच्यावरूनच जाणकार सांगतात की या घराला एके काळी धुराडं नव्हतं. हॉलच्या एका टोकाला दोन समोरासमोरची दारं जोडणारी वाट आणि तिच्यापलीकडे पेयांची आणि पावाची कोठी. दुसरं टोक मानाचं, तिथे लांब मेज. मेज म्हणजे बहुधा लाकडी घोड्यांवर टाकलेली फळी, काम झालं की उचलून बाजूला. बसायला बाकं आणि तिवया. पाठ टेकायची खुर्ची असलीच तर एखादी, आणि तिच्यावर कोण बसणार याबद्दल घरात कुणालाही शंका नसे. मानाच्या टोकापलीकडे पार्लर. पार्लर म्हटलं की आपल्याला पाहुण्यांची बैठक आठवते. पण त्या काळच्या याद्यांमध्ये पार्लरात हमखास सापडतो तो घरातला सगळ्यात चांगला पलंग. गालिचा असलाच तर मेजावर अंथरलेला. त्याच्यावर पाय ठेवायची हिंमत कोण करणार? पायाखाली लव्हाळं पसरलेलं असे. ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, वरचा थर बदलतो आणि खाली थुंकी, सांडलेली बिअर, माशांचे काटे कुजत राहतात, अशी तक्रार डच पंडित इरॅस्मसने एका पत्रात केली आहे. पाहुण्याने यजमानाच्या घराबद्दल लिहिलेलं आहे, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चालावं.

या घरात बदल कसा आला याची गोष्ट एसेक्स परगण्यातल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन सांगतो. १५७७ साली छापलेल्या त्याच्या इंग्लंडवर्णनात गावातली म्हातारी माणसं बोलतात. आमच्या हयातीत तीन गोष्टी अजबच बदलल्या, असं ती म्हणतात. एक, जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी. दुसरी, अंथरूण. त्यांच्या तरुणपणी गवताच्या गादीवर किंवा चटईवर निजायचं आणि डोक्याखाली उशी म्हणून चांगलासा गोल ओंडका घ्यायचा. मऊ उशी फक्त बाळंतिणीला शोभते असं मानलं जाई. नोकरांच्या अंगावर एखादी चादर असली तरी खूप झालं, अंगाखाली काहीच नसे आणि गवताच्या काड्या टोचून कातडी राठ होई. तिसरी गोष्ट भांडी. लाकडी ताटल्या जाऊन कथलाच्या आल्या, लाकडी चमचे जाऊन चांदीचे किंवा कथलाचे आले. या म्हाताऱ्यांनी मोजलेल्या बदलांत धूर आहे, उशी आहे, ताटली आहे. ‘आता आम्हाला एकांत मिळतो’ असं त्यांच्यापैकी कुणीही म्हणत नाही.

पण एकांताची शक्यता नेमकी त्या धुराड्यातच दडलेली होती. जाळ मधोमध आणि धूर छपराकडे, तोवर हॉलवर माळा घालता येत नाही. वर झोपलेला माणूस सकाळपर्यंत गुदमरेल. विटांचं धुराडं भिंतीशी किंवा घराच्या मध्यावर उभं राहिलं, धूर नळकांड्यात कोंडला गेला, आणि डोक्यावरची ती सगळी पोकळी एकदम मोकळी झाली. मग तिच्यात तक्तपोशी घातली, वर खोल्या निघाल्या, वर जायला जिना आला. एका धुराड्याला दोन्ही बाजूंनी शेगड्या काढता येतात, म्हणून पार्लरही उबदार झालं. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ मध्ये मांडलं की १५७० ते १६४० या काळात इंग्लंडच्या खेड्यांनी जवळजवळ कात टाकली, आणि त्याचं कारण दिलं ते रोकडं: धान्याचे भाव चढत होते, अनेक शेतकऱ्यांचे खंड मात्र जुन्याच दराने बांधलेले होते, मधला पैसा घरात उतरला. पुढच्या अभ्यासकांनी त्याच्या तारखा खोडून काढल्या, प्रत्येक भागाचा काळ वेगळा दाखवला, काही ठिकाणी हे सतराव्या शतकाच्या अखेरीस घडलं. ते मान्य. पण वीट, धुराडं, पैसा ही साखळी कुणी तोडलेली नाही. आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता? १६६२ साली संसदेने राजासाठी दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. त्या कराच्या वह्यांत एकच शेगडी असलेली घरं पानोपानी आहेत, आणि कर भरण्याइतकीही ऐपत नसलेली वेगळीच.

आता कुटुंबाकडे वळू, कारण काकांच्या म्हणण्याचा कणा तिथे आहे: खोल्या वाढल्या आणि कुटुंबं फुटली. हे खरं असेल तर खोल्या नव्हत्या तेव्हा कुटुंबं मोठी असायला हवीत. पीटर लॅस्लेट आणि त्याच्या केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी १५७४ ते १८२१ या काळातल्या शंभर वस्त्यांच्या जनगणनेसारख्या याद्या तपासल्या. घरामागे सरासरी माणसं निघाली ४.७५, आणि त्यात नोकरचाकर धरलेले. तीन पिढ्या एका छपराखाली हे दृश्य तिथे विरळच. पुरुष साधारण सत्ताविशी-अठ्ठाविशीत आणि बायका पंचविशी-सव्विशीत लग्न करत, आणि लग्न म्हणजे बहुतेक वेळा वेगळी चूल. म्हणजे काळ्या धुरकट हॉलमध्ये, एकही स्वतंत्र खोली नसताना, कुटुंब आधीच लहान होतं. घर फोडायला दाराची वाट कुणी पाहिली नव्हती.

इथे दुसरा पक्ष खूश होईल. पण थांबा. या पावणेपाच माणसांत कोण होतं? शंभरातल्या अठ्ठावीस-एकोणतीस घरांत पगारी नोकर राहत, आणि ते बहुतेक बारा-चौदा ते पंचविशीतली, दुसऱ्या कुणाचीतरी मुलं. ‘फॅमिली’ या शब्दाचा त्या काळचा अर्थच एका घरधन्याच्या हुकमतीखाली राहणारी सगळी माणसं असा होता. शिकाऊ कारागीर आणि मोलकरीण त्यात आली, शेजारच्या गावात राहणारा सख्खा मुलगा आला नाही. १५०० च्या सुमारास लिहिलेल्या एका व्हेनेशियन वृत्तान्तात आश्चर्य व्यक्त केलंय की इंग्रज लोक सात-नऊ वर्षांची पोरं दुसऱ्यांच्या घरी कामाला पाठवतात आणि स्वतःच्या घरात परक्यांची पोरं आणतात. वय थोडं कमी सांगितलं असावं, रीत मात्र खरी होती. मग सांगा, ज्या घरात पोटचा मुलगा नाही आणि परक्याचा मुलगा पायथ्याशी निजलाय, ते घर विभक्त म्हणायचं की एकत्र? आपल्या दोन्ही शब्दांत ते बसत नाही.

प्रायव्हसीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा कायद्याचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ‘इंग्रजाचं घर हा त्याचा किल्ला’ ही म्हण हवेतली नव्हे. सेमेन खटल्यात, १६०४ साली, एडवर्ड कोक या कायदेपंडिताच्या नोंदीतून ती कायद्याच्या पुस्तकांत शिरली. एखाद्याचं देणं वसूल करायला आलेला शेरीफ, म्हणजे राजाचा परगण्यातला अधिकारी, दार फोडून आत शिरू शकत नाही, हे त्यात ठरलं, आणि पुढे जगभरच्या नागरिकांना याचा उपयोग झाला. पण त्याच निकालात असंही आहे की राजाचं काम असेल तर आधी दार उघडायला सांगून, न उघडल्यास शेरीफ ते तोडू शकतो. आणि त्याहून महत्त्वाचं, किल्ला कुणाचा? घरधन्याचा. किल्ल्याला तट असतो तो बाहेरच्यांसाठी. आतल्या शिबंदीला किल्लेदारापासून आडोसा मिळतो असं कुठल्या बखरीत लिहिलंय? मोलकरणीला, मुलीला, बायकोला त्या किल्ल्यात कडी लावायचा अधिकार आहे की नाही हा प्रश्न त्या न्यायालयासमोर नव्हताच. शिवाय कायद्यातला किल्ला आणि रोजचा किल्ला यांतही अंतर होतं. यॉर्कशरमधल्या हॅकनेसला राहणाऱ्या होबी दांपत्याच्या घरी १६०० साली शेजारचे काही उमराव शिकारीच्या निमित्ताने न बोलावता मुक्कामाला आले, प्यायले, पत्ते कुटले, घरची प्रार्थना चालू असताना धिंगाणा घातला, खिडक्यांच्या काचाही फोडल्या. घरधनी स्टार चेंबर न्यायालयात गेला, हे त्याचं मोठेपण. पण त्या रात्री त्याला त्यांना बाहेर काढता आलं नाही.

याच घराची मालकीण, लेडी मार्गारेट होबी, माझ्या विरोधात जाणारी साक्षीदार आहे आणि तिला मी लपवणार नाही. १५९९ ते १६०५ पर्यंतची तिची रोजनिशी उपलब्ध आहे. तीत जवळजवळ रोज ती एकटीने प्रार्थना केल्याचं लिहिते, आपल्या ‘क्लॉझेट’मध्ये जाते, वाचते, लिहिते. क्लॉझेट म्हणजे आतली एक लहानशी कुलपाची खोली. म्हणजे १६०० साली एका बाईला एकट्याची जागा होती, आणि ती तिला मनापासून हवी होती. हा मुद्दा मान्य करायलाच हवा. फक्त दोन गोष्टी त्याला जोडून पाहाव्यात. एक, तो एकांत स्वतःसाठी नव्हता, देवासमोर हिशेब द्यायला होता. तिथे बसून ती दिवसभरातल्या आपल्या चुका मोजते. आपल्या देवघराशी त्याचं जितकं नातं आहे तितकं मुलांच्या खोलीशी नाही. दुसरी, त्या खोलीबाहेर आल्यावर तिचा उरलेला दिवस माणसांनी गच्च भरलेला आहे: जखमी शेजाऱ्यांची मलमपट्टी, नोकरांना कामं वाटणं, बायकांबरोबर बसून शिवणकाम. एकांत हा तिच्या दिवसाचा छोटा तुकडा होता आणि तो तिच्या हुद्द्याला मिळालेला होता. तिच्या मोलकरणींपैकी कुणाला क्लॉझेट नव्हतं.

साठेक वर्षांत हा तुकडा थोडा रुंदावतो. सॅम्युएल पीप्स हा आरमारी कचेरीतला अधिकारी, लंडनमध्ये सीदिंग लेनला सरकारी घरात राहणारा. ५ सप्टेंबर १६६३ ला तो बायकोच्या नव्या अभ्यासिकेच्या भिंतींना लावायला हिंदुस्थानी रंगीत कापड विकत घेतो आणि रोजनिशीत समजावून लिहितो की ‘चिंट’ म्हणजे चितारलेलं सुती कापड. आपलं छीट! हे कापड इंग्रजांच्या घरांत इतकं घुसलं, की विणकरांच्या ओरड्यामुळे १७२१ मध्ये तिथल्या संसदेला छापील सुती कापडाच्या वापरावर बंदी घालावी लागली. तर अभ्यासिका आली, तिला नटवणंही आलं. पण त्याच पीप्सच्या घरात ऑक्टोबर १६६० मध्ये तो तळघरात उतरला आणि त्याचा पाय विष्ठेच्या ढिगात पडला. शेजाऱ्याचा संडास भरून याच्या तळघरात वाहत होता. किल्ल्याच्या तटाचं हे असं. आणि १६६७ मधल्या एका मुक्कामात नवरा-बायको उंच पलंगावर आणि बायकोची सोबतीण, डेब विलेट नावाची तरुण मुलगी, त्याच खोलीत चाकाच्या खाटेवर निजली, हे तो काहीही वावगं न वाटता नोंदवतो.

ही चाकाची खाट नीट पाहण्यासारखी चीज आहे. दिवसा ती मोठ्या पलंगाखाली सरकवून ठेवायची, रात्री बाहेर ओढायची, तिच्यावर नोकर किंवा मुलं. मोठ्या पलंगाची चौकट लाकडी, तिच्यात दोऱ्या ताणलेल्या. त्या सैल पडल्या की आपल्या बाजेसारख्याच पुन्हा ताणून घ्यायच्या. दोऱ्यांवर चटई, तिच्यावर गवताची किंवा लोकरीची गादी, वर पिसांची गादी, मग लोड, उश्या, चादरी, घोंगड्या, रजई, आणि चहूबाजूंनी पडदे. पुष्कळ याद्यांत लाकडापेक्षा या कापडाचीच किंमत मोठी दिसते. ते पडदे म्हणजे भिंती होत्या. ऊब कोंडून धरणाऱ्या आणि दोन माणसांना इतर चौघांपासून वेगळं करणाऱ्या. ज्या घरात स्वतंत्र खोली नाही तिथे पलंग हीच खोली. हे लक्षात घेतलं नाही की काय होतं ते शेक्सपिअरच्या मृत्युपत्रावरून दिसतं. मार्च १६१६ च्या त्या दस्तऐवजात ओळींच्या मधे घुसवलेलं एक वाक्य आहे: बायकोला माझा दुसऱ्या क्रमांकाचा पलंग, सामानासकट. दोनशे वर्षांहून अधिक काळ लोक भांडतायत, हा अपमान की प्रेमाची खूण. पण भांडणारे शेक्सपिअरच्या हृदयात डोकावतात, घरात नाही. सगळ्यात चांगला पलंग पाहुण्यांना दिसेल अशा खोलीत असे, तो घराची प्रतिष्ठा म्हणून वारसाकडे जाई, आणि दुसऱ्या क्रमांकाचा तो रोजच्या झोपेचा, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. सामान म्हणजे वर सांगितलेला गादी-पडद्यांचा सगळा संच. प्रेम होतं की नव्हतं ते मला माहीत नाही. पण ज्या काळात पलंग ही घरातली सर्वांत मोलाची चीज होती, त्या काळात पलंगाला टोमणा समजणं हा आपल्या काळाचा भाबडेपणा आहे.

मी वारंवार याद्या म्हणतेय, तर त्याबद्दल सांगायला हवं, कारण दोन्ही पक्षांना इंग्रजी घराची जी चित्रं माहीत आहेत ती शेवटी या याद्यांवरून काढलेली आहेत. १५२९ च्या कायद्याने माणूस मेला की त्याच्या जंगम मालमत्तेची यादी करणं ठरवून दिलं. दोन-चार शेजारी यायचे आणि खोलीखोलीतून फिरत जे दिसेल त्याची किंमत लावत लिहायचे. पंचनामाच तो. हॉलमध्ये मेज, बाक, भिंतीवरचे चितारलेले कापडी पडदे. पार्लरात पलंग, पेटारा. वरच्या खोलीत कधी अंथरूण, पण तितक्याच वेळा धान्य, चीज, लोकर, सफरचंदं. वरची खोली म्हणजे बेडरूम या समजाला सुरुंग लागतो तो इथे. शेतकऱ्याच्या नव्या माडीवर त्याच्या मुलीच्या आधी गव्हाची पोती चढली. पण या पंचनाम्याला भोकंही आहेत. मेलेला माणूस ज्यांचं देणं लागत होता त्यांच्यासाठी तो आहे, म्हणून किरकोळ वस्तू ‘इतर कचरा’ म्हणून एका ओळीत उडवल्या जातात. भिंतीत पक्कं बसवलेलं बहुधा मोजलं जात नाही. विवाहितेची स्वतःची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, म्हणून नवऱ्याआधी गेलेल्या बाईची यादी क्वचितच. अगदी गरिबांची तर नाहीच. तेव्हा संग्रहालयात मांडलेली ती सुबक जुनी खोली, तिच्यातला चकाकता ओक, आणि ती पाहून ‘किती छान एकत्र राहायचे’ किंवा ‘किती सुधारलेले होते’ असं म्हणणं, हे सगळं एका मधल्या थराच्या पुरुषांच्या पंचनाम्यावर उभं आहे.

आता काकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ते म्हणतील, बाकी काही असो, एका शेगडीभोवती सगळे बसत होते, म्हाताऱ्याला कोपऱ्यात जागा होती, मोलकरीणही त्याच मेजावर जेवत होती. यातलं पुष्कळ खरं आहे, निदान सोळाव्या शतकात आणि शेतकऱ्यांच्या घरात. पण म्हाताऱ्याची जागा कशी टिकत होती? मृत्युपत्रांत बाप लिहून ठेवतो की माझ्या विधवेला अमुक खोली, शेगडीपाशी बसायचा हक्क, विहिरीवर आणि भट्टीकडे जायला-यायला वाट, इतकं सरपण. स्वतःच्या मुलाच्या घरात आईला विस्तवापाशी बसता यावं म्हणून लेखी कलम लागतं, ते मायेच्या अभावी की मायेवर विसंबायचं नाही म्हणून, हे तुम्ही ठरवा. १६०१ च्या गरीब कायद्याने तर आई-बापांना पोसणं ही मुलांची कायदेशीर जबाबदारी केली आणि ऐपत नसेल तिथे गावाने कर काढून पोसायचं ठरलं. कुटुंब लहान ठेवण्यालाही कायद्याचा हातभार होता. १५८९ च्या कायद्यानुसार चार एकर जमीन सोबत असल्याशिवाय नवं झोपडं बांधायला मनाई, आणि एका झोपड्यात एकाहून जास्त कुटुंबं ठेवायलाही मनाई. परगावचे भुकेले नातेवाईक येऊन राहिले तर त्यांचा भार गावावर पडेल, ही भीती. ज्याला आपण पाश्चात्त्यांची विभक्त वृत्ती म्हणतो, तिच्यातला थोडा भाग गावच्या करदात्यांचा हिशेब होता. आणि एकटी स्त्री? १५६३ च्या कायद्याने बारा ते चाळीस वयाच्या अविवाहित बाईला कुणाच्यातरी घरी चाकरीला राहायला भाग पाडायची मुभा अधिकाऱ्यांना दिली. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने तिथे स्वतःची खोली मागितली असती, तर उत्तर गावच्या न्यायाधीशाकडून आलं असतं.

एकत्र बसण्याच्या या उबेत मोलकरणीचं काय व्हायचं, तेही पाहिलं पाहिजे. डेब विलेट, चाकाच्या खाटेवरची. २५ ऑक्टोबर १६६८ ला पीप्सची बायको अचानक वर आली आणि तिने नवऱ्याला त्या मुलीशी झोंबताना पाहिलं. घरात भिंती कमी होत्या, माणसं होती, डोळे होते; तरी त्या मुलीला आधी कुणी वाचवलं नाही, आणि उघडकीस आल्यावर नोकरी गेली ती तिचीच. सगळे सगळ्यांना दिसतात म्हणजे सगळे सुरक्षित असतात, हा समज आपल्याकडच्या माजघरांनीही किती जणींना नडला असेल.

मग स्वतंत्र खोली खरी आली कधी? दार होतं तेव्हाही खोल्या एकीतून दुसरीत उघडत. आतल्या खोलीत जायचं तर मधल्या खोलीतल्या माणसाच्या उशापायथ्याशी जावं लागे. खोली स्वतंत्र होते ती दारामुळे नाही, दाराबाहेरच्या पॅसेजमुळे. इंग्लंडमध्ये हा पॅसेज घराच्या नकाशाचा कणा म्हणून ठळकपणे दिसतो तो तेव्हाच्या बर्कशरमधल्या कोलशिल वाड्यात, १६५० च्या दशकात. बांधणारा रॉजर प्रॅट, हौशी पण विचारी वास्तुकार. घराच्या लांबीभर मधून पॅसेज, आणि मागे नोकरांसाठी वेगळा जिना. कारणही त्याने लिहून ठेवलंय: साध्या नोकरांची ये-जा कुणाला दिसू नये. रात्रीची शौचाची भांडी घेऊन उतरणारी बाई दर्शनी जिन्यात पाहुण्याला आडवी येऊ नये. कोलशिल १९५२ मध्ये आगीत गेलं, पण तोवर त्याचा नकाशा घरोघर पोचलेला होता. शंभर वर्षांपूर्वी एका मेजावर जेवणारी मोलकरीण आधी दुसऱ्या मेजावर, मग दुसऱ्या खोलीत, मग दुसऱ्या जिन्यावर गेली. मालकाच्या मुलाला जी खोली मिळाली ती या हकालपट्टीची उरलेली जागा होती. १८६४ मध्ये रॉबर्ट कर याने सभ्य गृहस्थाचं घर कसं असावं यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा घरातली मंडळी हा एक समाज आणि नोकर हा दुसरा समाज, हे त्याच्या लेखी गृहीतच होतं.

आपण ‘इंग्रजी घर’ म्हणून जे डोळ्यांपुढे आणतो ते हे, करच्या काळातलं. कॅम्पातले बंगले, बाहेरचं नोकरांचं आऊटहाऊस, घंटी वाजवली की येणारा बटलर. त्याच्या आधीचं इंग्रजी घर आपल्याकडच्या माणसांनी पाहिलं होतं सुरतेच्या वखारीत. सतराव्या शतकातले ते इंग्रज, बहुतेक बिनलग्नाचे, एका छपराखाली राहत, हुद्द्याच्या क्रमाने एका मेजावर जेवत, एकत्र प्रार्थना करत आणि खाली माल भरलेला असे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची फौज सुरतेत उतरली तेव्हा याच घराचं दार त्यांनी लावून घेतलं होतं. त्या वखारीकडे पाहून कुणी मराठी माणूस ‘इंग्रज फार एकलकोंडे’ असं म्हणाला असता का?

आमच्या बैठकीत तिसऱ्या खोलीचा निर्णय झालाच नाही, पुढच्या रविवारवर गेला. मी नकाशा जवळून पाहायला उठले. एका कोपऱ्यात, कचऱ्याच्या शाफ्टला लागून, एक छोटा चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं सर्व्हिस लिफ्ट. बिल्डरच्या माणसाने खुलासा केला: कामवाल्या बायका, दूधवाला, कुरिअर, यांच्यासाठी वेगळी, म्हणजे मेन लॉबी स्वच्छ राहते. मागचं दार आपल्याला इंग्रजांकडून शिकावं लागलं नाही, ते आपल्या वाड्यांना होतंच आणि त्यातून कोण यायचं तेही माहीत आहे. तरी प्रॅटचा जिना मला तिथे स्पष्ट दिसला. मी विचारलं, हे मंजूर आहे का सगळ्यांना? काकांनी आणि त्या मुलीने एकदमच मान हलवली. इतिवृत्तात ते ‘एकमताने’ असं लिहिलं गेलं आहे.